षड्ज गंधार होऊन ऐकू येतो तेव्हा

पियानोला 88 पट्ट्या असतात. डावीकडच्या शेवटच्या पट्टीची तार सेकंदाला साडेसत्तावीस वेळा थरथरते, उजवीकडच्या शेवटच्या पट्टीची चार हजारांहून जास्त वेळा. या एवढ्या पसाऱ्यातला एकच स्वर घ्या, समजा षड्ज, आणि तो तीन जागी एकदम वाजवा: अगदी खाली खर्जात, मधोमध आणि अगदी वर. तिन्ही सा एकमेकांत मिसळून जातात. सप्तकं वेगळी असली तरी स्वर एकच आहे, हे ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्याच्याही कानाला कळतं.

आता त्याच कानात एक बिघाड झाला आहे असं धरून चला. अगदी खालचा स्वर सा-ग एवढ्या अंतराने वर चढून ऐकू येतो, अगदी वरचा तेवढाच खाली उतरून ऐकू येतो आणि मधला जागच्या जागी राहतो. म्हणजे खर्जातला सा शुद्ध गंधार झाला, मधला सा साच राहिला, वरचा सा कोमल धैवत झाला. बोटांनी वाजवला एक षड्ज आणि कानात पडले ग, सा आणि कोमल ध. या तिघांमधली अंतरं मोजून पाहा. सा ते ग चार अर्धस्वर, ग ते कोमल ध चार, कोमल ध ते वरचा सा पुन्हा चार. सगळी अंतरं अशी सारखी झाली की कुठल्या स्वराला आधार मानायचं हेच कानाला ठरवता येत नाही. पेटीवर हे तीन स्वर एकदम दाबून बघा, मनाला लगेच एक अस्वस्थपणा येतो.

गाब्रिएल फोरे या फ्रेंच संगीतकाराला आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं जवळपास असं ऐकू येत होतं. खालचे स्वर चढून, वरचे उतरून, मधले खरे पण क्षीण. आणि अशा कानांनिशी, 1919 ते 1921 या काळात, पंचाहत्तरीच्या आगेमागे, त्याने आपला दुसरा पियानो क्विंटेट लिहिला: सी मायनर, ओपस 115. सुमारे अर्ध्या तासाची ही रचना मी जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा मला तोच प्रश्न पडतो. एकही स्वर अनाठायी नसलेलं हे संगीत, ज्याला एकही टोकाचा स्वर खरा ऐकू येत नव्हता, त्याने लिहिलं कसं?

आधी पियानो क्विंटेट म्हणजे काय ते. पियानो, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. पाच जण, कंडक्टर नाही. शूमानने 1842 मध्ये या पाच वाद्यांचा असा काही मेळ बसवला की पुढे ब्राम्स, सेझार फ्रांक, द्वोरझाक अशा सगळ्यांनी त्यावर हात चालवला. पण या मेळात एक मूळचीच अडचण आहे. पियानोचा स्वर हातोडीच्या घावाने जन्मतो आणि जन्मल्या क्षणापासून विरत जातो; वादकाने कितीही जीव ओतला तरी एकदा दाबलेल्या पट्टीचा स्वर नंतर फुलवता येत नाही. तंतुवाद्यांचं नेमकं उलट. गज तारेवर आहे तोवर स्वर जिवंत असतो, मध्येच वाढवता येतो, थरारवता येतो, पुसट करत नेता येतो. त्यात आधुनिक पियानोच्या लोखंडी चौकटीवर तारांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात असतो. तो मनात आणील तर चारही तंतुवाद्यांना सहज गिळून टाकील. बहुतेक रोमँटिक क्विंटेटांत या दोन पक्षांची झुंज होते, आणि ती झुंज भव्य असते. ब्राम्सच्या किंवा फ्रांकच्या क्विंटेटमध्ये पियानो वादळासारखा येतो.

फोरेचा पियानो वादळ होऊन येत नाही. तो वाहत राहतो. पहिल्याच क्षणी पियानो मऊ आवाजात सुटे-सुटे स्वर लहरींसारखे सोडू लागतो, आणि त्या लहरींवर एक वाद्य गाऊ लागतं. पहिलं व्हायोलिन गाईल अशी अपेक्षा असते, कारण मानाचा पाट त्याचा. गातो तो व्हायोला. चौघांतला हा मधला, एरवी भरणीचं काम करणारा, किंचित घोगऱ्या गळ्याचा. त्याचं गाणं रुंद आहे, घाई नसलेलं, पण थांबायलाही तयार नसलेलं. मग एकेक करून बाकीची तंतुवाद्यं येऊन मिळतात आणि पाहता पाहता आवाज भरत जातो. कुठे ओरड नाही, कुठे धक्का नाही. पूर चढतो तेव्हा पाण्याची पातळी कधी वाढली ते कळत नाही, तशी ही सुरुवात आहे.

व्हायोलाच का, याचं एक उत्तर चटकन सुचतं आणि काही अभ्यासकांनी ते मांडलेलंही आहे. फोरेला मधल्या पट्टीतलेच स्वर खरे ऐकू यायचे, म्हणून त्याच्या उतारवयातल्या संगीताचा जीव त्या मधल्या पट्टीत येऊन बसला. हे उत्तर मला अर्धंच पटतं. फोरेचा जी मायनरमधला दुसरा पियानो क्वार्टेट 1886 मध्ये पुरा झाला. तेव्हा त्याचे कान ठणठणीत होते. त्याच्या तिसऱ्या भागात पियानो दूरच्या घंटांसारखे स्वर वाजवतो आणि लगेच एकटा व्हायोला गाऊ लागतो. म्हणजे हा ओढा जुना आहे. कान बिघडल्यावर जगातून जे एवढंच त्याच्यापाशी उरलं, ते नेमकं त्याचं मूळचं आवडतं ठिकाण होतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे, दुसऱ्या क्विंटेटमध्ये तो मधल्या पट्टीत दडून बसलेलाच नाही. पहिलं व्हायोलिन उंच चढतं, पियानोचा डावा हात खोल उतरतो, आणि तिथलेही स्वर चोख आहेत. जे कान खोटं सांगत होते त्यांच्यावर विश्वास ठेवून हे लिहिणं शक्यच नव्हतं.

मग विश्वास कशावर ठेवला? त्यासाठी थेट त्याच्या बालपणात जावं लागतं. फोरेचा जन्म 12 मे 1845 चा, फ्रान्सच्या दक्षिणेला पिरनीज पर्वताच्या पायथ्याजवळच्या पामिए गावचा. वडील शिक्षक. ते फ्वा गावाजवळच्या शिक्षक-विद्यालयाचे संचालक झाले तेव्हा तिथल्या चॅपेलमधल्या हार्मोनियमशी हा मुलगा तासन् तास खेळत बसायचा. ऐकायला येणाऱ्या एका वृद्ध, अंध बाईने त्याच्या वडिलांना सांगितलं की या पोराच्या अंगात काहीतरी आहे. नऊ वर्षांचा असताना त्याला पॅरिसला, लुई निडरमेयर यांच्या शाळेत धाडण्यात आलं. चर्चसाठी ऑर्गनवादक आणि गायनप्रमुख तयार करणारी ही निवासी शाळा. तिथे तो अकरा वर्षं राहिला.

या शाळेत जे शिकवत ते त्या काळी युरोपात दुर्मीळ होतं. बाकी सगळीकडे मेजर आणि मायनर या दोनच स्वरपंक्तींचं राज्य असताना इथे मुलं मध्ययुगीन चर्चगायनाचे जुने मोड घोटत होती. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण ते मोड म्हणजे आपल्या थाटांचे युरोपातले भाऊबंद. ज्याला ते लिडियन म्हणतात त्यात तीव्र मध्यम असतो आणि बाकी सगळं शुद्ध. म्हणजे आपला कल्याण थाट. डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी. निडरमेयर यांचा आग्रह असा की जुन्या धुनीला साथ करायची ती त्या मोडमधल्याच स्वरांनी. सोयीसाठी बाहेरचा स्वर उचलून आणायचा नाही. 1861 मध्ये निडरमेयर गेले, आणि पियानोचा वर्ग कामी सां-साँस या पंचविशीतल्या तरुणाकडे आला. अभ्यासक्रम संपला की तो मुलांना शूमान, लिस्ट, वाग्नर यांचं तेव्हाचं अगदी नवं संगीत वाजवून दाखवी. फोरेशी त्याची मैत्री साठ वर्षं टिकली.

मला वाटतं, दुसऱ्या क्विंटेटचं रहस्य या अकरा वर्षांत दडलेलं आहे. ज्याने लहानपणी, कान कोवळे असताना, एकेका मोडमधल्या एकेका स्वराचं वजन मनात मुरवून घेतलं, त्याला पुढे ते वजन तपासायला बाहेरच्या आवाजाची गरज उरत नाही. आपल्याकडेही चांगला गवई मनातल्या मनात अख्खी बंदिश आळवतो, तिची प्रत्येक हरकत त्याला ऐकू येते आणि ओठ हलतही नाहीत. मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रांनी गेल्या काही दशकांत दाखवून दिलं आहे की माणूस एखादी ओळखीची चाल नुसती मनात आणतो तेव्हाही मेंदूतल्या श्रवणकेंद्राचे काही भाग जागे होतात. कानात काही शिरलेलं नसतं, तरी ऐकण्याचं काम आत चाललेलं असतं.

बाहेरचा कान कसा फसतो तेही पाहण्याजोगं आहे. आतल्या कानात कॉक्लिया नावाची एक वेटोळी नळी असते. तिच्यात एक लांबट पडदा असतो, उलगडला तर साधारण 35 मिलिमीटर भरेल एवढा. या पडद्याची जागा न् जागा वेगवेगळ्या स्वराला ठरवून दिलेली आहे. तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, तिथे उंच स्वर थरथरवतात. आत शेवटाला रुंद आणि सैल, तिथे खर्ज. पडद्यावर रोमपेशींच्या रांगा असतात, आणि कुठल्या जागेच्या पेशी हलल्या त्यावरून मेंदू स्वराची उंची ओळखतो. एका जागेच्या पेशी निकामी झाल्या की स्वर येतो खरा, पण त्याला प्रतिसाद शेजारच्या पेशी देतात. मेंदूला त्यांचाच पत्ता माहीत. तो इमानदारीने त्यांचाच स्वर नोंदवतो. मग एकच स्वर जागा सोडून दुसरीकडे ऐकू येतो. या विकाराला डॉक्टर डिप्लाक्युसिस म्हणतात. कमी ऐकू येण्यावर उपाय म्हणून आवाज मोठा करता येतो. चुकीचं ऐकू येत असेल तर आवाज मोठा केल्याने चूकच मोठी होते.

बीथोवनच्या बहिरेपणाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याच्याभोवती हळूहळू शांतता झाली. बेद्रिझिख स्मेतानाच्या कानात एक उंच स्वर सतत वाजत राही. तो त्याने 1876 च्या आपल्या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात पहिल्या व्हायोलिनला देऊन टाकला. फोरेचं दुःख या दोघांहून वेगळं आणि मला तरी जास्त क्रूर वाटतं. शांततेत माणूस आठवणीवर जगू शकतो. याच्या कानावर मात्र संगीत येतच होतं आणि प्रत्येक वेळी विद्रूप होऊन येत होतं. बायकोला लिहिलेल्या पत्रांत त्याने या यातनेबद्दल लिहिलं आहे. बाकी जगापासून जमेल तोवर ते लपवलं, कारण 1905 पासून तो पॅरिसच्या कॉन्झर्वात्वारचा संचालक होता. फ्रान्समधल्या संगीतशिक्षणाचं सर्वोच्च पद, आणि त्यावर बसलेल्या माणसाला परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्यांचं वादन धड ऐकू येत नाही. 1920 पर्यंत तो त्या पदावर राहिला.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी, 1919 च्या उन्हाळ्यात, माइयो कुटुंबाने त्याला आनसी-ल-व्हिय इथल्या आपल्या घरी बोलावलं. आल्प्सच्या कुशीतलं सरोवर, थंड हवा, माणसं जीव लावणारी. तिथे सप्टेंबरमध्ये त्याने क्विंटेट हाती घेतला. पहिल्या क्विंटेटचं बाड त्याने 1887 ते 1905 अशी अठरा वर्षं उघडझाप करत सांभाळलं होतं. हा दुसरा दीड वर्षात उतरला.

चार भाग आहेत. पहिल्याविषयी लिहिलं. दुसरा जेमतेम चार मिनिटांचा. पियानोवर सपाट ताना एकामागून एक सुटतात, तंतुवाद्यं मध्येच तारा खुडून त्यांना टोचतात, आणि कुठल्या स्वराला घर म्हणायचं ते ऐकणाऱ्याला कळेपर्यंत भाग संपूनही जातो. पंचाहत्तरीच्या माणसात एवढा खट्याळपणा कुठून येतो!

तिसरा भाग मात्र थांबून ऐकायचा. आधी तंतुवाद्यंच येतात, एक ओढ लागलेली, कण्हणारी ओळ घेऊन. दर वेळी ती ओळ वर जायला निघते आणि कुठेतरी अर्धस्वराने वाकते. मग पियानो साध्या, संथ स्वरसंघांनी उत्तर देतो. इथे फोरेचं खास कसब दिसतं. एखादा स्वरसंघ वाजतो आणि वाटतं, आता हा अमुक दिशेला जाणार, कान तिकडे वळतो; तेवढ्यात त्या संघातला एकच स्वर सरकतो, बाकीचे तिथेच राहतात, आणि आपण एका वेगळ्याच प्रदेशात उभे असतो. धक्का बसत नाही. मागे वळून पाहिलं तर वाट कुठेच तुटलेली दिसत नाही. मोड घोटलेल्या मुलाचा हा हात आहे: मेजर-मायनरच्या हमरस्त्यांखालून जाणाऱ्या जुन्या पायवाटा त्याला पाठ आहेत. दहा-अकरा मिनिटांच्या या भागात तंतुवाद्यांचं दुःख आणि पियानोचं सांत्वन एकमेकांत इतकं विरघळतं की शेवटी कोण कुणाला समजावत होतं ते सांगता येत नाही. याहून श्रेष्ठ असं चेंबर संगीतातलं पान विसाव्या शतकात फार थोड्या ठिकाणी सापडेल, असं मी मानतो.

चौथा भाग तीन मात्रांच्या ठेक्यात आहे, पण त्या तिनांवर दोन-दोनांचं वजन टाकून तो ठेका सतत हलता ठेवलेला. लयकारीची गोडी असलेल्या आपल्या श्रोत्याला हा भाग पहिल्या ऐकण्यातच पकडतो. सी मायनरमध्ये निघालेली रचना इथे सी मेजरच्या उजेडात पोचते. मायनरमधून मेजरमध्ये विजयी होऊन शिरणं हा त्या शतकाचा लाडका प्रवास. फोरेकडे त्याला विजयाचा डौल नाही. वेग वाढत जातो, आवाज भरत जातो आणि एका क्षणी लक्षात येतं की आपण केव्हाच उजेडात आलो आहोत.

21 मे 1921 रोजी पॅरिसमध्ये सोसिएते नासिओनालच्या मैफलीत हा क्विंटेट पहिल्यांदा वाजला. 1871 मध्ये ही संस्था स्थापन करणाऱ्या तरुणांत फोरे स्वतः होता. पियानोवर रोबेर लॉर्ता. रचना पॉल द्युका या संगीतकाराला अर्पण केलेली. त्या रात्रीचं वर्णन फोरेच्या धाकट्या मुलाने, फिलिपने, लिहून ठेवलं आहे. वादन संपलं तसं सारं सभागृह उभं राहिलं, लोक ओरडत होते, ज्या बॉक्समध्ये फोरे बसला होता तिकडे हात उंचावत होते. आत बसलेल्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. नुकतीच 76 वर्षं पूर्ण झालेला, कृश झालेला तो म्हातारा पुढे आला आणि त्याने मान डोलावली.

लोकांना काय झालं होतं ते समजण्यासारखं आहे. महायुद्ध संपून अडीच वर्षं झाली होती, नव्या पिढीचे संगीतकार रोमँटिक काळाला निरोप देऊन बसले होते, फोरे हे नाव सलूनमधल्या सुंदर गाण्यांसाठी लोकांच्या लक्षात होतं. त्या नावाखाली एवढी ताकद अजून शिल्लक आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

घरी परतल्यावर फोरेला आनंद होताच, पण एका गोष्टीने तो बेचैन होता. एवढं कौतुक झाल्यावर आता खाली उतरता येत नाही, पुढची रचना याहून सरस करावी लागणार. शहात्तराव्या वर्षी, टाळ्याही ऐकू न येणाऱ्या माणसाची ही काळजी. आणि ती नुसती बोलण्यापुरती नव्हती. त्याच वर्षी चेलोसाठी दुसरा सोनाटा झाला, एक गीतमाला झाली, वर्षाच्या शेवटच्या दिवसांत तेरावं आणि शेवटचं नोक्टर्न झालं. मग पियानो ट्रिओ. आणि सगळ्यात शेवटी, बीथोवनच्या धाकाने जन्मभर टाळलेला प्रकार, स्ट्रिंग क्वार्टेट. तो सप्टेंबर 1924 मध्ये हातावेगळा केला आणि 4 नोव्हेंबरला तो गेला.

ऐकायचं असेल तर इंग्लंडच्या डोमस मंडळींनी अँथनी मारवुड यांना व्हायोलिनला घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण आहे, आणि अलीकडचं एरिक ल साज आणि एबेन क्वार्टेट यांचं. दोन्ही उत्तम, सुरुवात मी डोमसपासून करायला सांगेन, कारण त्यांचा पियानो तंतुवाद्यांवर कधी स्वार होत नाही. पहिल्यांदा सगळं सलग ऐका. दुसऱ्यांदा मात्र फक्त व्हायोलाचा माग काढा. तो कुठे पुढे येतो, कुठे दोन व्हायोलिनांच्या खाली जाऊन अख्ख्या स्वरसंघाची दिशा एका अर्धस्वराने फिरवतो, हे एकदा कानाला सापडलं की पुढच्या वेळी क्विंटेट पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा वाटू लागतो.